शेजारच्या पेटीतला हात

नवीन पनवेल,
१२ ऑगस्ट २०२५

माधुरी,

‘चिरंजीव’ लिहून खोडलं. तो अधिकार राहिलाय असं वाटत नाही. ‘प्रिय’ लिहिलं असतं तर तू हसली असतीस, तेही चांगल्या अर्थाने नाही. म्हणून नुसतं नाव. तुझा फोन नंबर बदललाय, मेलला उत्तर येत नाही आणि माझ्याकडे तुझ्या पीएचडीच्या अर्जावरचा गव्हाण कोळीवाड्याचा पत्ता तेवढा आहे. हे पाकीट बहुतेक आधी तुझ्या बाबांच्या हाती पडेल. त्यांनी उघडलं तर उघडू दे. म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी त्यांना कळतील अशा लिहितो आहे. कंटाळा आला तर गाळून वाच.

बातमी छोटी आहे. माझा २०११ चा पेपर चुकीचा आहे. तुझे रन बरोबर होते.

हे वाक्य लिहून मी उठलो आणि खिडकीपर्यंत जाऊन आलो. काही झालं नाही. समोरच्या सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता, आधी कुणाच्या टाकीत यावरून वाद चालला होता, सगळं नेहमीसारखं. खरं सांगू? मला बरं वाटतंय. चार दिवस झाले, मला वेळेवर भूक लागते. कुमुद म्हणाली, “अहो, तुम्ही मागून घेऊन जेवताय, तब्येत बरी आहे ना?”

भगवानराव, आता थोडं तुमच्यासाठी. आपल्या शरीरात प्रोटीन म्हणून जे असतं ती मण्यांची लांब माळ असते. माळ तयार झाली की आपली आपण दुमडते, आणि नीट दुमडली तरच कामाची. हे इतकं लहान आणि इतकं झटपट असतं की बघता येत नाही. म्हणून आम्ही कॉम्प्युटरमध्ये पाण्याची एक पेटी मांडतो. आत ती माळ सोडायची. प्रत्येक अणूला कोण कुठून किती ओढतंय त्याचं गणित करायचं आणि त्याला तेवढंच सरकवायचं. पुन्हा गणित, पुन्हा सरकवणं. असं कोट्यवधी वेळा केलं की माळेची एक हालचाल दिसते. त्याला आम्ही रन म्हणतो. तुमच्या मुलीने हे पाच वर्षं केलं, मी तीस वर्षं.

पेटीला भिंती घालून चालत नाही, पाणी भिंतीला चिकटतं. म्हणून युक्ती अशी की पेटीच्या सगळ्या बाजूंना तीच पेटी पुन्हा मांडायची. पाण्याचा कण उजवीकडून बाहेर गेला की डावीकडून आत येतो. म्हणजे माळेच्या शेजारी, पाण्यापलीकडे, तीच माळ पुन्हा असते. मध्ये पाणी भरपूर असेल तर दोघींना एकमेकींचा पत्ता लागत नाही. पण पाणी वाढलं की गणितही वाढतं. २०११ साली आमची मशीन मंद होती आणि मला घाई होती. काठाला दहा अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम हे अणू मोजायचं माप) तरी पाणी हवं असं मी वर्गात शिकवायचो. स्वतः सात ठेवलं.

त्या रनमध्ये माळेचं शेपूट दुमडायच्या आधी ताठ उभं राहिलं आणि उभंच राहिलं. मी त्याला ‘झेंडा’ म्हणालो. पेपरवर मी एकटाच लेखक, वाटेकरी नको होता. दीडशे जणांनी त्याचा संदर्भ दिला. परिषदेत लोक माझी ओळख ‘झेंडेवाले कमलाकर’ अशी करून द्यायचे आणि मी नको नको म्हणत खूश व्हायचो.

आता चूक कशी सापडली ते. इथल्या वाचनालयाने शाळेच्या मुलांसमोर बोलायला बोलावलं होतं. त्यांच्यासाठी त्या रनची फिल्म करत होतो. पडद्यावर एकटी माळ फार उघडीबोडकी दिसत होती, म्हणून चार शेजारच्या पेट्याही दाखवल्या. शोभेसाठी. कुमुद मागे डाळिंब्या सोलत बसली होती.

“हे दोघं हात धरून का उभे आहेत हो?”

“दोघं नाहीत. एकच आहे ते.”

“मग स्वतःचाच हात धरलाय?”

मी तिला समजावायला लागलो. म्हणजे ती कशी चुकते आहे ते. अर्ध्या वाक्यात माझं तोंड बंद झालं. मग माळ आणि शेजारची प्रत यांच्यातलं अंतर मोजणारी एका ओळीची कमांड दिली, एक मिनिट लागलं. त्रेचाळिसाव्या नॅनोसेकंदाला ते अंतर शून्याला टेकतं आणि रन संपेपर्यंत सुटत नाही. शेपूट उभं नव्हतंच. शेजारच्या पेटीतल्या स्वतःला धरून लोंबकळत होतं.

तुझं माझं जे बिनसलं ते पद्धतीवरून, असं मी लोकांना सांगत आलो. त्या सेमिनारमध्ये मीही गमतीने काही बोललो असेन. ते असो. तुला हे कळायला हवं होतं म्हणून लिहिलं.

कमलाकर


नवीन पनवेल,
२२ ऑगस्ट २०२५

माधुरी,

उत्तर आलं नाही. मी मागितलंही नव्हतं. पण पाकीट पेटीत टाकून परत येताना लक्षात आलं, की मागच्या पत्रात मी दोन ठिकाणी मखलाशी केली आहे. तुझ्या नजरेतून ती सुटणार नाही, तेव्हा मीच सांगून टाकतो.

आधी कामाचं. गेम खेळणारी मुलं घेतात तसलं ग्राफिक्स कार्ड मी घरच्या कॉम्प्युटरला बसवून घेतलंय. २०११ मध्ये ज्याला आठ महिने लागले ते आता दीड-दोन दिवसांत होतं. पेटी तुझ्या पेटीएवढी घेतली, काठाला पंधरा. तीन वेगवेगळ्या सुरुवाती देऊन तीन रन केले. तिन्ही वेळा शेपूट जरा बाहेर आलं, घुटमळलं आणि गुमान आत गेलं. तिसऱ्या वेळी मी मनातल्या मनात त्याला ‘राहा उभं, राहा उभं’ म्हणत होतो. सदुसष्टाव्या वर्षी. खोटं कशाला बोलू.

आता पहिली मखलाशी. ‘तुझे रन बरोबर होते’ असं मी लिहिलं, जसे काही मी ते बघितले होते. बघितले नव्हते. संस्था सोडताना तू जी हार्ड डिस्क माझ्या टेबलावर ठेवलीस ती मी कधी लावलीच नव्हती. परवा लावली. अकरा फोल्डर. प्रत्येकात ‘आधी वाचा’ नावाची फाइल, त्यात पेटी केवढी, पाणी किती, प्रतीपासून अंतर किती, सगळं व्यवस्थित. पाचव्या फोल्डरमधल्या फाइलच्या शेवटी तू लिहिलं आहेस:

‘सर, २०११ च्या रनमधलं शेजारच्या प्रतीपासूनचं अंतर एकदा बघाल का? मूळ फाइल फक्त तुमच्याकडे आहे.’

तारीख ९ नोव्हेंबर २०२१. म्हणजे तुला तेव्हाच कळलं होतं. एक मिनिटाचं काम होतं, आणि ते जगात मी एकटाच करू शकत होतो. तुझे पाच रन झाले तेव्हा मी म्हणालो, “पुन्हा कर, काहीतरी चुकतंय.” तू आणखी सहा वेळा केलेस. दरवेळी नवी सुरुवात, दरवेळी तेच उत्तर, की शेपूट उभं राहत नाही, आणि दरवेळी मी फोल्डर न उघडता तेच वाक्य बोललो.

दुसरी मखलाशी. ‘गमतीने काही बोललो असेन.’ काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतंय. डिसेंबरातला सेमिनार, हॉल भरलेला, तू पेटीचा आकार सांगितलास आणि मी खुर्चीतून म्हणालो, “एवढं पाणी कशाला घातलंय? हं, बरोबर, खाडीकाठची मंडळी. यांना पाण्याशिवाय करमत नाही.” सगळे हसले. तूही हसलीस, जरा उशिरा. नंतर पुढचं सगळं तू कागदात बघून वाचलंस, एरवी कधी वाचायची नाहीस. मार्चमध्ये तू संस्था सोडलीस आणि मी कुमुदला सांगितलं की हल्लीच्या मुलांना टीका सोसत नाही.

ती टीका नव्हती. ते हलकटपणाचं बोलणं होतं. तुझं उत्तर मला नको होतं आणि ते खोडायला माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून मी तुझं गाव काढलं. मला त्याची लाज वाटते. पहिल्यांदा वाटते असंही नाही. इतके दिवस वाटायला लागली की मी दुसरं काहीतरी काम काढायचो.

हे पान लिहायला तीन दिवस लागले. लिहून झाल्यावर आमटी-भात जेवलो आणि दुपारी असा झोपलो की पोस्टमन बेल वाजवून परत गेला. याचा अर्थ तुला लावायचा तो लाव.

कमलाकर


नवीन पनवेल,
१० सप्टेंबर २०२५

माधुरी,

काल सकाळी तुझे बाबा आले होते. तुला सांगून आले का ते माहीत नाही, म्हणून सांगतो. पांढरा शर्ट, हातात पिशवी, पिशवीत शेवग्याच्या शेंगा. म्हणाले, “मासली आनली असती, पन पोर बोलली, सर खात नाय.” मला कुठे बघावं ते कळेना. तुझ्या एवढं लक्षात आहे.

मी त्यांना आत बसवलं. कुमुदने चहा ठेवला. त्यांनी खिशातून माझी दोन्ही पाकिटं काढून टीपॉयवर ठेवली.

“चिठ्ठ्या वाचल्या आमी. पोरीनं नाय वाचल्या. ती बोलते, बाबा, तुमीच वाचा नि तुमीच ठेवा.”

“तुम्हाला समजलं का सगळं?” मी विचारलं. शिक्षकाची खोड जात नाही.

“पेटीचं समजलं. लहान तल्यात जिताडा सोडला तर तो जाईल तिथं कडेलाच लागनार. मंग तुमी लिवनार, जिताड्याला कड आवडते. असंच ना?”

मी म्हणालो, अगदी असंच. तीस वर्षांत एवढ्या थोडक्यात मला ते कुणाला सांगता आलं नव्हतं. कुमुद स्वयंपाकघरातून हसली.

मग ते म्हणाले, “मास्तर, एक विचारू? तुमी चूक केली ती कुनासमोर केली?”

“सगळ्यांसमोर.”

“शिकलेल्या मोठ्या लोकांसमोर. छापून. मंग चिठ्ठी कोलीवाड्यात कशाला धाडता? आमी काय तुमचा पेपर वाचला व्हता?”

चहा आला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला आणि मग तुझं सांगितलं. द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात तू आकडेमोडीचं काम करतेस, सकाळी सातला निघतेस. गेल्या वर्षी संस्थेत जाऊन वसुंधराबाईंना भेटलीस. माझ्यानंतर विभागप्रमुख त्याच झाल्या. त्या तुझ्या मार्गदर्शक व्हायला तयार आहेत. बाकी प्रबंध झालाय. पण तो अकरा रनचा अध्याय समितीत अडकलाय, कारण समिती विचारते, तुमच्याच आधीच्या गुरूंचा पेपर उलटं सांगतो, त्याचं काय? त्यावर तुला उत्तर देता येत नाही, मूळ फाइल तुझ्याकडे नाही. आणि नोंदणीची मुदत डिसेंबरअखेर संपते. ती संपली की आठ वर्षं पाण्यात.

“माज्या पोरीचं बरोबर हाय हे तुमाला कललं, मला कललं. पन ज्यांना कलाया पायजे त्यांना नाय कललं,” असं म्हणाले आणि उठले. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तर मागे वळून म्हणाले, “राग नाय मास्तर. आमी बोलाया आलतो, बोललो.”

म्हणजे बघ, तुला खासगीत दोन पत्रं लिहून मी इतका हलका झालो होतो की भूक काय, झोप काय. आणि तुझी वाट तशीच अडलेली. माझ्या माफीने तुला काडीचा उपयोग नव्हता. मला मात्र झाला.

आता आणखी एक गोष्ट आहे. ती तुझ्या बाबांना समोर बसून सांगायचं मला धाडस झालं नाही. भगवानराव, हे तुम्ही वाचाल तेव्हा तुम्हाला राग येईल, आणि या वेळी तो नाय म्हणू नका.

२०२२ च्या शेवटी तू ते काम एकटीच्या नावाने एका मासिकाला पाठवलंस. आलेला लेख मासिकवाले त्या विषयातल्या जाणकाराकडे तपासायला देतात आणि त्याचं नाव लेखकाला कळू देत नाहीत. तुझा लेख माझ्याकडे आला. मी तुझी वाक्यं ओळखली. मी लगेच कळवायला हवं होतं की ही माझी विद्यार्थिनी, यात माझाच पेपर खोडला आहे, मी तपासणं योग्य नाही. मी कळवलं नाही. चार ओळी लिहिल्या. ‘पेटी अनावश्यक मोठी आहे. लेखिकेला पद्धतीची पुरेशी जाण दिसत नाही. निष्कर्ष प्रस्थापित कामाच्या विरुद्ध आहेत. नाकारावा.’ प्रस्थापित काम म्हणजे मी. दहा मिनिटं लागली आणि मग मी फिरायला गेलो.

हे कुणालाही कळलं नसतं. काल तुझे बाबा गेल्यावर मी कुमुदला सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “उद्या नको. आजच लिहा त्यांना.” मी दोन्ही मासिकांना लिहिलं. एकाला, माझा पेपर मागे घ्या. दुसऱ्याला, मी तपासनीस म्हणून अप्रामाणिक वागलो, तो लेख माझ्या शेऱ्याशिवाय पुन्हा बघा. वसुंधराबाईंना दोन्हींच्या प्रती आणि २०११ ची मूळ फाइल पाठवली.

‘पाठवा’ दाबून मी उठलो. कुमुदने शेंगा आमटीत टाकल्या होत्या. जेवायला बसलो, आणि या वेळीही भूक होती.

कमलाकर


नवीन पनवेल,
२७ सप्टेंबर २०२५

माधुरी,

हे छोटं आहे. उत्तरं आली.

ज्या मासिकाला मी तुझ्या लेखाबद्दल लिहिलं त्यांनी मला यापुढे कुठलाही लेख तपासायला देणार नाही असं कळवलं आहे. बरोबर केलं. तू लेख पुन्हा दिलास तर नव्या माणसांकडे जाईल, असं ते तुला थेट कळवणार आहेत. मेल बघ.

माझ्या पेपरवाल्यांनी, तो का मागे घेतोय याचा मजकूर मागितला. मी सहा परिच्छेद लिहिले. त्या काळची मशीन किती मंद होती, तेव्हा इतरही लोक लहान पेट्या कशा वापरायचे, चूक कशी सूक्ष्म होती. कुमुदला वाचून दाखवले. मराठीची शिक्षिका ती, बत्तीस वर्षं निबंध तपासलेत.

“यात तुम्ही चुकलात असं कुठे लिहिलंय?”

“चौथ्या परिच्छेदात आहे की.”

“मग बाकीचे पाच काढा.”

काढले. आता मजकूर तीन वाक्यांचा आहे. पेटी लहान होती. ताठ शेपूट हा तिच्यामुळे झालेला आभास आहे. ही शक्यता माधुरी भगवान कोळी यांनी २०२१ मध्ये लेखकाच्या नजरेस आणली होती, लेखकाने ती तपासली नाही. तिसरं वाक्य छापायला त्यांची हरकत नाही, तुझी असली तर मला किंवा त्यांना कळव. भगवानरावांकडून निरोप आला तरी चालेल.

एक राहिलं. तुझे बाबा म्हणाले होते, चूक कुणासमोर केली? छापलेली चूक मागे घेतली. हॉलमधली राहिली. मी वसुंधराबाईंकडे विभागाच्या सेमिनारची वेळ मागितली. त्यांनी १४ ऑक्टोबर, दुपारी तीन, अशी दिली. त्या हॉलमध्ये मी काय बोलणार हे लिहून काढलं आणि तो पाण्याचा विनोदही त्यात घातला. कुमुदने तो खोडला. म्हणाली, “तो परत सांगू नका. तुमचं मन मोकळं होईल, पण चार लोक पुन्हा हसतील आणि तिला दुसऱ्यांदा ऐकावं लागेल.” हे मला सुचलं नव्हतं.

मला भीती वाटते आहे. व्याख्यानाची मला कधी भीती वाटली नाही. तू येशील असं समजून हे कळवत नाही. नाही आलीस तर मला सोपं जाईल, आणि हे लिहायलाही मला लाज वाटायला हवी.

कमलाकर


नवीन पनवेल,
१५ ऑक्टोबर २०२५

माधुरी,

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहितो, कारण तुला ते मागच्या रांगेतून दिसलं. पुढून कसं होतं ते तुला ठाऊक नाही.

आधी वसुंधराबाईंचा निरोप, तुला एव्हाना मिळाला असेल तरी. समितीने अध्याय मान्य केला. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रबंध दे. डिसेंबरची वाट बघू नकोस, टंकलेखनाच्या चुका काढायला वेळ ठेव. स्लाइडवर बघितलं, तुझं स्पेलिंग अजून तसंच आहे. परवानगी न घेता बोललो.

मी हॉलमध्ये शिरलो. कुमुद दुसऱ्या रांगेत. ओळखीचे चेहरे होते, माझ्या वेळचे चार-पाच जण, बाकी नवी मुलं. मी पाहिलं, तू नव्हतीस. हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं. फिल्म लावली. माळ, पाणी, ताठ शेपूट. दोन जण मान डोलवत होते, त्यांनी ते आधी पाहिलं होतं. मग शेजारच्या पेट्या दाखवल्या. मान डोलवणं थांबलं. तेवढ्यात मागचं दार उघडलं. तू, आणि तुझे बाबा, तोच पांढरा शर्ट. बसायला जागा नव्हती, कुणीतरी सरकलं.

मला वाटलं होतं की मी बोलायचं विसरेन. नाही विसरलो. मी म्हणालो, “ही चूक माझ्या विद्यार्थिनीने मला चार वर्षांपूर्वी लेखी दाखवून दिली होती. मी बघितली नाही. नंतर तिचा त्याच कामावरचा लेख गुपचूप माझ्याकडे तपासायला आला, तो मी नाकारला. आणि याच हॉलमध्ये मी त्या मुलीच्या गावावरून बोललो होतो. ते वाईट होतं. इथे बसलेल्यांपैकी ज्यांना आठवत असेल त्यांच्यासमोर मी तिची माफी मागतो.” तुझ्याकडे बघून म्हणायचं ठरवलं होतं, पण बघवलं नाही. पहिल्या रांगेतल्या पाण्याच्या बाटलीकडे बघून म्हणालो.

वसुंधराबाईंनी प्रश्न विचारा म्हटलं. कुणी विचारीना. मयताच्या घरी गेल्यासारखे सगळे पायांकडे बघत होते. मग तुझा हात वर आला.

“सर, नव्या तीन रनमध्ये शेपटाच्या टोकावरचा विद्युतभार कसा धरलाय?”

चार वर्षांनी ऐकलेलं तुझं पहिलं वाक्य हे. मी म्हणालो, “२०११ मध्ये धरला होता तसाच.”

“तपासलात?”

“नाही.”

“मग तेही चुकलं असेल.”

“असेल,” मी म्हणालो. “मला माहीत नाही.”

माधुरी, मी त्या हॉलमध्ये एकतीस वर्षं बोललो, आणि ‘मला माहीत नाही’ हे तिथे काल पहिल्यांदा म्हणालो. कुणीतरी हसलं. मग सगळे हसले, मीही. पाठीवरचं सिमेंटचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसं झालं. इतकं सोपं होतं? एवढ्यासाठी मी तुझी चार वर्षं खाल्ली?

वसुंधराबाई तुला म्हणाल्या, “आपण जरा पुढे येता का? आपलं नाव?” त्या तुला ओळखतात. त्यांनी मुद्दाम विचारलं, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. तू उत्तर द्यायच्या आत मी बोललो, त्याबद्दल माफ कर, ती शेवटची घुसखोरी. मी म्हणालो, “या माधुरी कोळी. हे काम यांचं आहे.”

तू पर्समधून पेन ड्राइव्ह काढलास. तेव्हा मला कळलं की तू कोरी आलेली नाहीस. चिठ्ठ्या न उघडणाऱ्या मुलीला त्या फिल्मचं, त्या तीन रनचं सगळं माहीत होतं. भगवानरावांकडे बघितलं तर ते छताकडे बघत होते.

तू पडद्यापाशी उभी राहिलीस. रिमोटचा सेल संपला होता, लॅपटॉप माझ्या हाताशी. शिपाई सेल आणायला निघाला, तू म्हणालीस, “असू द्या.” पहिल्या स्लाइडवर तुझी पेटी होती, काठाला पंधरा. तू सांगायला लागलीस, एकदाही कागदात न बघता. एका जागी थांबलीस, माझ्याकडे न बघताच म्हणालीस, “सर, पुढची.”

मी पुढची लावली.

चहाच्या वेळी तू माझ्याशी बोलली नाहीस. कुमुदशी बोललीस, ते मी लांबून बघितलं. तिने काय बोलणं झालं ते मला सांगितलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. तू मला माफ केलं आहेस असं मी समजत नाही. मला ते लागतही नाही, हे काल घरी येताना कळलं. तुझं काम लोकांनी ऐकलं, मुलं वहीत लिहून घेत होती, आणि ते घडत असताना मी त्याच्या आड येत नव्हतो. मला फार, फार बरं वाटतंय.

सव्वीस स्लाइड्स होत्या. एकही मी आधी लावली नाही, एकही उशिरा लावली नाही. एवढं तरी कबूल कर.

कमलाकर